रेडॉनसाठीचे प्रमाण-द्रावण एकच, तरी 18 टक्के फरक का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली आणि सातारा इथल्या दोन महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी मिळून बोअरवेलच्या पाण्यातला आणि घरांतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजायला घेतला आहे. दोघांकडे आतून झिंक सल्फाइडचा लेप असलेले 150 मिलीचे सिंटिलेशन सेल आहेत, म्हणजे अल्फा कण आदळला की लेप चमकतो आणि काउंटर त्या चमका मोजतो असे डबे. रेडियम-226 चे 50 बेकेरेलचे (सेकंदाला 50 क्षय) द्रावण भरलेला काचेचा बबलर, म्हणजे सच्छिद्र चकतीतून द्रावणात हवेचे बुडबुडे सोडणारे भांडे, आलटूनपालटून वापरून दोघांनी आपापल्या सेलचा कॅलिब्रेशन गुणांक, म्हणजे एका बेकेरेलमागे किती काउंट येतात तो आकडा, काढला. प्रत्येकाच्या स्वतःच्या मोजण्या 2 टक्क्यांच्या आत जुळतात, पण दोन्ही ठिकाणच्या गुणांकांत 18 टक्के फरक पडतो. चूक काउंटरची की सेलची?

बहुधा दोघांचीही नाही. किरणोत्सारी वायूच्या प्रमाणमापनात शोधक शेवटी येतो. त्याआधी वायू कुठून निघाला, किती निघाला, वाटेत कुठे राहिला आणि मोजेपर्यंत किती वेळ गेला, या चार प्रश्नांतच बहुतेक चूक असते. आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. गळती, नळीत शोषण, बबलरमध्ये उरलेला वायू, अपुरा समतोल (रेडॉन किंवा त्याच्या क्षयातून होणारे अणू पुरेसे साठण्याआधीच मोजणे) हे सगळे आकडा एकाच दिशेने, खालीच ओढतात. म्हणून तीच पद्धत दहा वेळा केली तर दहाही आकडे छान जुळतील आणि दहाही कमी असतील. तुमचा 2 टक्क्यांचा मेळ पुनरावृत्तीबद्दल सांगतो, अचूकतेबद्दल काहीच सांगत नाही. दोन गुणांकांपैकी खरा कोणता असे विचारलेत, तर आधी मोठ्याच्या बाजूने उभे राहा. मात्र दोन्ही कमी असण्याचीही शक्यता धरून चाला.

सुरुवात बबलरपासून करू. द्रावणाच्या प्रमाणपत्रावर असते ती रेडियमची सक्रियता, रेडॉनची नव्हे. रेडियमच्या क्षयातून द्रावणात रेडॉन हळूहळू साठतो आणि त्याचे प्रमाण 1 वजा ई चा (−λt) घात या सूत्राने मिळते. t म्हणजे गेलेले दिवस, आणि λ हा क्षयाचा दर दिवसाला 0.1813 आहे, कारण रेडॉन-222 चे अर्धायुष्य 3.82 दिवस. बबलर पूर्ण धुऊन (म्हणजे हवा सोडून आधीचा रेडॉन काढून टाकून) बंद केल्यावर 6 दिवसांनी रेडॉन 66.3 टक्के भरतो, 20 दिवसांनी 97.3 टक्के, 30 दिवसांनी 99.6 टक्के. घाईत 6 दिवसांवर वायू काढणाऱ्याने बंद करण्याची वेळ लिहिताना 6 तासांची गफलत केली तर निकालात 2.3 टक्के चूक येते. तीच गफलत 20 दिवसांवर केली तर 0.12 टक्के. म्हणून कॅलिब्रेशनसाठी तीन आठवडे थांबा. वहीत तारखेसोबत घड्याळाची वेळही लिहा, आणि ती वेळ धुणे संपल्याची असू द्या, सुरू केल्याची नको. बबलर दोन गावांत फिरतो तेव्हा ही नोंद त्याच्याबरोबर गेली पाहिजे.

रेडियम द्रावणात राहिले आहे का, हाही प्रश्न असतो. द्रावण आम्लधर्मी हवे आणि त्यात थोडे बेरियम वाहक म्हणून हवे. कुणी पातळी कमी झाली म्हणून नळाचे पाणी घातले, तर त्यातल्या सल्फेटबरोबर बेरियम आणि रेडियम साक्याच्या रूपाने काचेवर व सच्छिद्र चकतीवर बसतात. त्या पापुद्र्यात निम्माशिम्मा रेडॉन अडकून राहू शकतो. भर घालायचीच असेल तर त्याच सांद्रतेचे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. चकतीवर पांढरट थर दिसला तर त्या बबलरवरून गुणांक काढू नका.

आता ज्या जागी तुमचे बरेच टक्के गेले असावेत असे मला वाटते, तिथे येऊ: बबलरमधल्या द्रावणावरची रिकामी जागा. निर्वात केलेला सेल बबलरला जोडून झडप उघडली की सेल आपल्या आकारमानाइतकी, म्हणजे जेमतेम 150 मिली हवा ओढतो. तेवढ्यात सगळा रेडॉन यायला हवा. 25 अंशांना पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे 0.22 पट हवेइतका रेडॉन धरते, म्हणजे 40 मिली द्रावण फक्त 9 मिली हवेसारखे वागते. पाण्यातून रेडॉन काढणे सोपे आहे. वरची मोकळी जागा मात्र पूर्ण आकारमानाने मोजावी लागते. मिश्रण नीट होते असे धरले तर उरणारा वाटा ई चा −150/(9 + मोकळी जागा) हा घात असतो. मोकळी जागा 20 मिली असेल तर अर्धा-पाऊण टक्का मागे राहतो. 60 मिली असेल तर 11 टक्के. बबलर एकच असला तरी एका ठिकाणी द्रावणाची पातळी कमी झालेली असणे, किंवा वर जोडायचा काचेचा सापळा वेगळ्या मापाचा असणे, एवढ्याने हा फरक पडतो.

याची चाचणी सोपी आहे आणि मी ती प्रत्येक नव्या मांडणीवर सक्तीची मानतो. पहिला सेल भरून झाला की लगेच दुसरा निर्वात सेल त्याच बबलरला जोडा, भरा आणि मोजा. पहिल्याच्या 1 टक्क्यापेक्षा जास्त काउंट दुसऱ्यात आले तर पहिल्यात सगळा वायू आला नव्हता हे सिद्ध झाले. नुकसान किती ते थेट आकड्यात दिसते, अंदाज करावा लागत नाही.

भरण्याचा वेगही पाहा. झडप फाटकन उघडली तर मोठे बुडबुडे सुसाट वर जातात, त्यांना द्रावणातून रेडॉन उचलायला वेळच मिळत नाही. शिवाय द्रावणाचे शिंतोडे उडून रेडियमच सेलमध्ये जाऊ शकते, आणि असा सेल कायमचा बाद होतो. 10 ते 15 मिनिटांत सेल भरेल इतकीच झडप उघडा, शेवटी दाब बाहेरच्या हवेइतका झाला की बंद करा.

निर्वात किती झाला, हे तुम्ही गोल डायलच्या गेजवर पाहत असाल. तो गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो, आणि इथे तुमची दोन गावे खरोखर वेगळी आहेत. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर, तिथला हवेचा दाब साधारण 712 मिमी पारा. सातारा सुमारे 740 मीटरवर, तिथे 695 मिमी. गेजचा काटा दोन्हीकडे −690 दाखवत असेल तर साताऱ्यात सेलमध्ये 5 मिमी हवा उरली आहे, पाऊण टक्का. सांगलीत 22 मिमी, म्हणजे 3 टक्के. घरातली हवा निर्वात सेलने भरून मोजता तेव्हा ही 3 टक्के चूक सरळ निकालात उतरते, कारण नमुना तेवढा कमी आला. −760 येत नाही म्हणून पंप दुरुस्तीला पाठवण्याचीही गरज नाही. या उंचीवर −760 येणे शक्यच नाही. निरपेक्ष दाब दाखवणारा साधा डिजिटल गेज घ्या आणि 5 मिमीच्या खाली गेल्याशिवाय सेल बंद करू नका. नंतर तोच सेल गेजला जोडून अर्धा तास ठेवा. दाब 1 मिमीपेक्षा जास्त चढला तर झडपेचे ओ-रिंग बदला.

नळ्यांबद्दल दोन गोष्टी. पहिली, आकारमान: आतून 5 मिमी व्यासाच्या नळीत मीटरला जवळपास 20 मिली हवा मावते, 6 मिमीच्या नळीत 28 मिली. बबलर ते सेल दोन मीटर नळी ठेवलीत तर सेलच्या 150 मिलीपैकी 39 मिली निव्वळ नळी भरण्यात जातात. नळी वीतभरच ठेवा. दुसरी, पदार्थ: सिलिकॉन रबराच्या भिंतीतून रेडॉन चक्क आरपार जातो. साधे रबर आणि पॉलिकार्बोनेट तो शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडतात. त्यामुळे आधीच्या तीव्र नमुन्याची छाप पुढच्या सौम्य नमुन्यावर पडते. झडपांना लावलेल्या निर्वात-ग्रीसचेही तसेच, लावायचेच तर पुसट लावा. काच, स्टेनलेस स्टील, तांबे हे बिनघोर पदार्थ. वाळवणी नळीत सिलिका जेल भरले असेल तर काढा. कोरडे सिलिका जेल काही रेडॉन धरून ठेवते. निर्जल कॅल्शियम सल्फेट वापरा, आणि रंग बदलला की बदला. साताऱ्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एरवी महिनाभर पुरणारी वाळवणी नळी लवकर संपते. सिलिकॉन शोधकावर विद्युतक्षेत्राने पोलोनियम (रेडॉनच्या क्षयातून होणारे मूलद्रव्य) गोळा करणारी उपकरणे तर ओलाव्याला फारच हळवी असतात. आतली आर्द्रता 10 टक्क्यांच्या वर गेली की त्यांची कार्यक्षमता घसरते.

पुढचा मोठा वाटेकरी म्हणजे मोजायला केव्हा सुरुवात केली. रेडॉनच्या क्षयातून क्रमाने पोलोनियम-218, शिसे-214, बिस्मथ-214 आणि पोलोनियम-214 तयार होतात. सेलमध्ये रेडॉनचा एक अल्फा, पोलोनियम-218 चा एक आणि पोलोनियम-214 चा एक असे तीन अल्फा शेवटी मोजले जातात. पण पोलोनियम-214 तयार व्हायला मध्ये शिसे-214 (27 मिनिटे) आणि बिस्मथ-214 (20 मिनिटे) यांची वाट पाहावी लागते. सेल भरल्यावर 1 तासाने एकूण अल्फा समतोलाच्या सुमारे 83 टक्के असतात, 2 तासांनी 95 टक्के, 3 तासांनी जवळपास 99 टक्के, 4 तासांनी 99.7 टक्के. एका विभागाने तासाभराने मोजायला घेऊन तासभर मोजले असेल आणि दुसऱ्याने तीन तास थांबून, तर 9-10 टक्के इथेच गेले. वरच्या मोकळ्या जागेचे 11 टक्के याला जोडा, म्हणजे तुमचे 18 टक्के काउंटरला हातही न लावता भरून निघतात. 3 तास ते 4 तास ही खिडकी दोघांनी ठरवून घ्या. उलट बाजूने, 4 तासांत रेडॉन स्वतः 3 टक्के क्षय पावतो. ती दुरुस्ती सेल भरल्याच्या क्षणापासून मोजणीच्या मध्यापर्यंत करायची असते.

मोजणी संपली की सेल तसाच कपाटात ठेवू नका. 50 बेकेरेल रेडॉन सेलमध्ये पूर्ण क्षय होऊ दिला तर लेपावर शिसे-210 बसते. त्याचे अर्धायुष्य 22 वर्षे. त्यातून वाढणारे पोलोनियम-210 दोनेक वर्षांत मिनिटाला जवळपास 1 काउंट कायमचे देऊ लागते. चांगल्या सेलची पार्श्वभूमी मिनिटाला अर्धा काउंट असते हे लक्षात घेतले तर एका आळसाने सेल निकामी झाला. पाच तासांत वायू बाहेर काढला तर हेच नुकसान पंचविसाव्या भागाइतके राहते. सिलिंडरमधल्या नायट्रोजनने 10 आकारमाने धुवा, रात्रभर ठेवा, सकाळी पार्श्वभूमी मोजा. खोलीच्या हवेने धुतले तर त्यातला रेडॉन आत येतो. कॅलिब्रेशनचे सेल आणि नमुन्यांचे सेल वेगळे ठेवता आले तर फारच उत्तम.

काउंटरचा भाग लवकर आटोपतो. चमका टिपणाऱ्या प्रकाशगुणक नळीचा उच्च विद्युतदाब सपाट भागाच्या (विद्युतदाब थोडा बदलला तरी काउंट जवळपास तेच राहतात त्या पट्ट्याच्या) मध्यावर आहे का ते महिन्यातून एकदा पाहा. सेल ट्यूबलाइटखाली किंवा उन्हात राहिला असेल तर लेप काही काळ आपोआप चमकतो. काउंटरवर बसवल्यावर अंधारात 10-15 मिनिटे थांबा, पहिली काही मिनिटांची मोजणी टाकून द्या. वीज जाते-येते तिथे यूपीएस हवा आणि वीज आल्यावर अर्धा तास तापू द्यायला हवे. 50 बेकेरेलला सेकंदाला साधारण 110 काउंट येतात, त्यामुळे मृतकालाची (एक काउंट नोंदवताना काउंटर दुसरा घेऊ शकत नाही त्या क्षणाची) दुरुस्ती 0.2 टक्क्यांच्या आसपास, चिंता करण्याजोगी नाही.

कुणी हवेसाठी उघडे असलेले आयनीकरण कक्ष (किरणोत्साराने हवेत निर्माण होणारा विद्युतभार मोजणारे) वापरणार असेल तर दाबाचा प्रश्न पुन्हा येतो, आणि तो जास्त मोठा आहे. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवर दिसणारा 1008 हेक्टोपास्कल हा समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. साताऱ्यातला प्रत्यक्ष दाब 927 च्या आसपास असतो. बाहेरून गॅमा मोजणाऱ्या कक्षात गोळा होणारा भार हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो, त्यामुळे अ‍ॅपचा आकडा सूत्रात घातला तर 8 ते 9 टक्के चूक होते. महाबळेश्वरला दाब आणखी खाली, 860 च्या आसपास. प्रयोगशाळेत स्वतःचा बॅरोमीटर ठेवा. वायू कक्षाच्या आतच भरला असेल तर अल्फाचा मार्ग भिंतीला कुठे आदळतो यावर भार ठरतो, तिथे ही सरळ प्रमाणाची दुरुस्ती चालत नाही. त्या दाबावरच कॅलिब्रेशन करावे लागते.

पाण्याच्या नमुन्यांबद्दल विचारले नव्हते, पण गुणांक शेवटी तिथेच वापरायचा आहे. बोअरवेलचा पंप 10-15 मिनिटे चालू ठेवून केसिंगमधले शिळे पाणी जाऊ द्या. काचेची 250 मिली बाटली बादलीत बुडवून, नळी तळापर्यंत घालून, वाहती ठेवून भरा, पाण्याखालीच झाकण लावा आणि उलटी करून बुडबुडा दिसतो का पाहा. दिसला तर पुन्हा भरा. तोटीखाली फेसाळत भरलेल्या बाटलीतून रेडॉन तिथेच उडून गेलेला असतो, पुढे कितीही काळजी घ्या. जत किंवा आटपाडीहून नमुना सांगलीत आणून दुसऱ्या दिवशी मोजला तर 24 तासांसाठी 1.199 ने गुणा, 48 तासांसाठी 1.437 ने.

बंद चक्रात हवा फिरवून मोजत असाल तर पाण्यातली तीव्रता म्हणजे हवेतली तीव्रता गुणिले (हवेचे आकारमान भागिले पाण्याचे आकारमान, अधिक विद्राव्यता गुणांक). तापमानाबद्दल विद्यार्थी फार काळजी करतात, पण 1 लिटर हवा आणि 250 मिली पाणी असेल तर 20 ऐवजी 32 अंश धरल्याने उत्तर दीड टक्काच बदलते. तीन मीटर नळी आणि वाळवणी नळीतली पोकळी मिळून 125 मिली हिशेबात धरायची राहिली तर मात्र 12 टक्के. ते आकारमान एकदा पाणी भरून तराजूवर वजन करून काढा, वाळवून घ्या आणि मांडणीवर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

आपल्या भागातली आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी, त्यामुळे नमुने सौम्य येतात. घरातल्या हवेत घनमीटरला 40 बेकेरेल असेल तर 150 मिलीच्या सेलमध्ये मिनिटाला जेमतेम 0.8 काउंट, पार्श्वभूमी 0.5. तासभर मोजले तर एकूण 78, पार्श्वभूमीचे 30, निव्वळ 48, आणि त्यावर अनिश्चितता 10 काउंटची, म्हणजे 22 टक्के. अशा दोन घरांमधला 18 टक्के फरक हा फरकच नव्हे. पण तुमचा 18 टक्के फरक 50 बेकेरेलच्या प्रमाणावर आहे. तिथे 5 मिनिटांत 33,000 काउंट मिळतात आणि सांख्यिकीचा वाटा अर्धा टक्काच उरतो. म्हणून त्याचे कारण शोधायलाच हवे, योगायोगावर ढकलता येणार नाही.

रेडॉन सोडून क्रिप्टॉन-85 सारख्या इतर किरणोत्सारी वायूंबद्दल एकच परिच्छेद पुरे. त्याचे डॉटर (क्षयानंतर तयार होणारा अणू) किरणोत्सारी नसल्याने समतोलाची वाट पाहावी लागत नाही आणि अर्धायुष्य 10.75 वर्षे असल्याने वेळेची घाई नाही. तिथे चूक दुसरीकडे जाते. प्रमाणबद्ध गणक नळीत (वायू भरलेल्या, विद्युतक्षेत्राने कण मोजणाऱ्या नळीत) वायू मिसळून मोजताना टोकांना विद्युतक्षेत्र कमकुवत असते, म्हणून एकसारख्या पण वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या वापरून काउंटमधला फरक आणि आकारमानातला फरक यांचे गुणोत्तर घेतात. भिंतीला लगेच आदळणारे बीटा सुटतात त्यांची दुरुस्ती वेगळी. गॅमाने मोजायचे तर 514 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा 0.43 टक्केच क्षयांत येते आणि पॉझिट्रॉन नष्ट होताना निघणाऱ्या 511 च्या रेषेशेजारी बसते. साध्या सोडियम आयोडाइडच्या शोधकाला त्या दोन वेगळ्या दिसत नाहीत.

अनिश्चितता मांडताना प्रमाणपत्रावरचा आकडा 1 प्रमाण-विचलनाचा आहे की 2 चा, ते आधी वाचा. इथे दुपटीचा गोंधळ नेहमी होतो. समजा प्रमाणपत्राचे 1 टक्का, वायू हलवण्याचे 2, मोजणीचे 0.6, समतोलाचे 0.5, पुनरावृत्तीचे 1.5. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले तर 2.8 टक्के, दुप्पट करून 5.6. पण 11 टक्के वायू बबलरमध्ये उरला असेल तर तो या वर्गमूळाखाली लपवायचा नाही. दुसऱ्या सेलच्या मोजणीवरून तो आधी दुरुस्त करायचा, आणि त्या दुरुस्तीत जी शंका उरेल तेवढीच यादीत घालायची.

आता काय करायचे, त्याचा क्रम. सांगलीचा सेल साताऱ्याच्या काउंटरवर आणि साताऱ्याचा सेल सांगलीच्या काउंटरवर, आधी कुठलाही रेडॉन न भरता, अमेरिशियम-241 च्या एकाच चकतीने तपासा. काउंटर जुळले, तर बबलर तीन आठवडे एका जागी उभा ठेवा. गाडीत हेलकावे खाऊन आणि तापून त्याचे बूच सैल होते, म्हणून प्रवास झाल्यावर आधी धुवा आणि मगच वेळ सुरू करा. मग एकाच ठिकाणी, एकाच माणसाने, वीतभर नळीने दोन्ही सेल तीन आठवड्यांच्या अंतराने भरावेत, प्रत्येक वेळी मागोमाग दुसरा रिकामा सेल लावून उरलेला वायू मोजावा, आणि दोन्ही वेळा 3 ते 4 तासांची खिडकी पाळावी. एवढे करून गुणांक 4 टक्क्यांच्या आत आले तर बाकीचा फरक तुमच्या आधीच्या हाताळणीत होता. तरीही 10 टक्क्यांच्या वर उरला तर एका सेलचा लेप खराब झाला आहे किंवा आकारमान लिहिल्याप्रमाणे नाही. तो सेल पाणी भरून तपासू नका, लेप निघेल. ज्ञात आकारमानाच्या डब्याला जोडून, दाब कितीने उतरतो यावरून त्याचे आकारमान काढा.